आजारपणाचे अंदाजपत्रक

पंचांगात ग्रहणाच्या स्पर्शाची आणि मोक्षाची वेळ वर्षभर आधी छापलेली असते, आणि ती चुकत नाही. चंद्रसूर्यांना पंचांग वाचता येत नाही, हे त्याचे एक कारण आहे. आपल्याविषयी काय छापले आहे ते पाहून ते आपली चाल बदलीत नाहीत. पावसाचे भाकीत याहून अवघड. पण पाऊसही वेधशाळेचा अंदाज ऐकून पडावयाचे की नाही हे ठरवीत नाही. माणसांच्या खर्चाचा अंदाज मात्र या दोहोंहून वेगळ्या जातीचा असतो. घरात लग्न निघाले म्हणजे वडील माणसे वही घेऊन बसतात आणि आकडा काढतात. आकडा मोठा आला तर पंगत लहान होते. लहान आला तर दागिन्यांच्या यादीत एक जिन्नस वाढतो. म्हणजे अंदाजामुळे खर्चच बदलतो. मग कार्य पार पडल्यावर हिशोब जुळला नाही, तर चूक अंदाजाची की माणसांची, हे सांगणे कठीण होऊन बसते.

आम्हांला येथे ज्या अंदाजाविषयी लिहावयाचे आहे तो या तिसऱ्या जातीचा आहे. येत्या दहा-वीस वर्षांत सार्वजनिक आरोग्यसेवेला किती पैसा लागेल, हे आधी कसे काढतात, ते का चुकते, आणि चुकत असूनही ते काढणे का आवश्यक आहे, हा आमचा विषय. विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण तो दूरचा नाही. रुग्णालयातील खाट ही ऐन वेळी बाजारातून विकत आणता येत नाही. परिचारिका तयार व्हावयास तीन-चार वर्षे लागतात. डॉक्टर तयार व्हावयास साडेपाच, आणि त्याला विशेषज्ञ व्हावयाचे असेल तर त्यापुढे आणखी तीन. मोठे रुग्णालय जागा ठरण्यापासून पहिला रोगी दाखल होईपर्यंत दहा वर्षे सहज घेते. तेव्हा आज आपल्या आईला सरकारी रुग्णालयात खाट मिळाली किंवा न मिळाली, त्याचा निवाडा आज सकाळी दारावर झालेला नसतो. तो दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी टेबलावरील कागदावर झालेला असतो.

उदाहरणासाठी आम्ही ब्रिटनची निवड केली आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि तिचा खर्च मुख्यतः करांतून भागविला जातो. खर्च एकाच मोठ्या वहीत मांडला जात असल्याने तो मोजता येतो. आणि त्याविषयीचे अंदाज वेळोवेळी उघडपणे छापले गेल्याने ते तपासताही येतात. अंदाज करणारे पुष्कळ असतात. वीस वर्षांनी आपला कागद पुन्हा उघडू देणारे थोडे.

बेव्हरिज यांचा १७ कोटींचा आकडा

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ च्या डिसेंबरात, सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे बेव्हरिज १८७९ साली बंगालमधील रंगपूर येथे जन्मले होते. वडील हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीत न्यायाधीश, आणि आई म्हणजे बाबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विदुषी ॲनेट बेव्हरिज. अहवालात निवृत्तिवेतन, बेकारीभत्ता, बालभत्ता यांचे सविस्तर हिशोब होते. या साऱ्याच्या मुळाशी एक गृहीत धरलेली गोष्ट होती, ती म्हणजे सर्वांसाठी आरोग्यसेवा. तिच्यापुढे दोन आकडे लिहिले होते: १९४५ साली १७ कोटी पौंड, आणि १९६५ साली १७ कोटी पौंड.

वीस वर्षांच्या अंतराने एकच आकडा पाहून वाचकाला मुद्रणदोषाची शंका येईल. पण तो दोष नव्हता. तो विचार होता. सेवेचा विस्तार होईल, त्यामुळे खर्च वाढेल. परंतु सेवा चांगली मिळाल्याने लोक निरोगी होतील, आजारी कमी पडतील, आणि तितका खर्च वाचेल. वाढ आणि बचत यांची वजाबाकी शून्य. आकडा ढोबळ होता, आणि तो ढोबळ म्हणूनच दिलेला होता.

या विचारात आजारपण म्हणजे एक साचलेला ढीग आहे, अशी कल्पना दडलेली आहे. विहिरीतला गाळ एकदा उपसून काढला की पुढे वर्षाकाठी थोडी साफसफाई पुरते, तसे. काही रोगांच्या बाबतीत हे खरेही आहे. देवी, घटसर्प, पोलिओ यांचा गाळ उपसला गेला तो गेला. पण मनुष्य घटसर्पाने लहानपणी मेला नाही म्हणजे तो अमर होत नाही. तो साठीपर्यंत जगतो आणि त्याला मधुमेह होतो; मधुमेहातून सावरतो आणि सत्तरीत त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू येतो. वैद्यकाचे यश रोग्याला हिशोबातून बाहेर काढीत नाही; बहुधा ते त्याला पुढच्या पानावर नेऊन ठेवते.

पहिल्या वर्षाची गर्दी

सेवा सुरू झाली तेव्हा ढिगाची कल्पना आधी खरी ठरल्यासारखी वाटली. लोकांनी वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी घेऊन दवाखाने गाठले. दुकानात मिळेल तो चष्मा नाकावर चढवून काम भागविणाऱ्यांना प्रथमच डोळे तपासून चष्मे मिळाले. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे द्यावे लागले. दातांच्या डॉक्टरांपुढे कवळीसाठी रांगा लागल्या. पार्लमेंटपुढे पुरवणी मागण्या येऊ लागल्या आणि पहिल्या पुऱ्या वर्षाचा खर्च ४० कोटी पौंडांवर गेला.

येथे बेव्हरिज यांना न्याय दिला पाहिजे. युद्धानंतर किमती पुष्कळ वाढल्या होत्या आणि प्रत्यक्ष सेवेचा पसाराही त्यांच्या कल्पनेहून मोठा होता. तेव्हा १७ आणि ४० यांतील सगळे अंतर काही चुकीचे नव्हे. परंतु सरकारी खात्यात एकदा ‘अंदाजाबाहेर खर्च’ असा शेरा पडला की तो कशामुळे हे पाहावयास कोणी थांबत नाही. सेवा उधळी आहे, लोक फुकटे आहेत, अशी ओरड सुरू झाली. १९५१ साली कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसविण्यात आला. ज्यांनी ही सेवा उभी केली होती ते अनुरिन बेव्हन या प्रश्नावर एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५२ साली औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग द्यावे लागू लागले.

आम्हांला यात लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, कमी धरलेल्या अंदाजाची भरपाई शेवटी कोणाच्या खिशातून झाली. ती अंदाज करणाऱ्याच्या खिशातून झाली नाही. चष्मा हवा असलेल्या म्हातारीच्या आणि कवळी हवी असलेल्या गिरणीकामगाराच्या खिशातून झाली.

गिलबो समितीने काय मोजले

खर्चाची ओरड वाढल्यावर १९५३ साली सरकारने केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समिती काटकसरीचे उपाय सुचवील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. समितीच्या वतीने हिशोबाचे काम ब्रायन एबल-स्मिथ आणि रिचर्ड टिटमस या दोघा अभ्यासकांनी केले. त्यांनी दोनच गोष्टी केल्या, पण त्या कोणी केल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी महागाई वजा केली. परिचारिकेचा पगार वाढला, कोळसा महागला, तर रुपयांत खर्च वाढतो. पण रोग्याला एकही अधिक इंजेक्शन मिळालेले नसते. दुसरी गोष्ट म्हणजे उरलेल्या खर्चाला त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाने भागले. घरातला दुधाचा खर्च वाढला हे सांगून भागत नाही. मिळकतीच्या मानाने वाढला की कमी झाला, हे सांगावे लागते. असा हिशोब केल्यावर निघाले ते असे: १९४९-५० साली इंग्लंड व वेल्समधील आरोग्यसेवेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेचार टक्के रक्कम लागत होती, १९५३-५४ साली ती सव्वातीन टक्क्यांवर आली होती. ज्या सेवेवर उधळपट्टीचा आरोप होता तिचा वाटा प्रत्यक्षात कमी झाला होता. नवी रुग्णालये बांधण्यावर तर युद्धापूर्वीपेक्षाही कमी पैसा खर्च होत होता. म्हणजे व्हावयास हवा होता तो खर्च पुढे ढकलला जात होता. समितीने १९५६ च्या आरंभी अहवाल दिला आणि उधळपट्टीचा आरोप फेटाळला.

लोकांचे वय वाढत चालले आहे म्हणून सेवा परवडेनाशी होईल, ही भीती तेव्हाही होती. दोघा अभ्यासकांनी तीही तपासली आणि केवळ लोकसंख्येतील बदलामुळे पुढील वीस वर्षांत खर्चात होणारी वाढ फार मोठी नाही, असे दाखविले. सत्तर वर्षांनंतर आजही हीच भीती त्याच शब्दांत व्यक्त होते, म्हणून तिचा थोडा खुलासा करणे इष्ट आहे.

आकडा कसा काढतात

पुढील खर्चाचा अंदाज काढण्याची रीत मुळात सोपी आहे. अमुक वर्षी अमुक वयाची किती माणसे असतील, हे जनगणनेवरून काढावयाचे. त्या वयाच्या एका माणसाला वर्षाकाठी सरासरी किती सेवा लागते ते रुग्णालयांच्या नोंदींवरून घ्यावयाचे. त्या सेवेच्या एका नगाला किती पैसे पडतात ते लावावयाचे. तिन्हींचा गुणाकार करून बेरीज घेतली की आकडा तयार. अवघडपणा गुणाकारात नाही. हे तिन्ही आकडे वीस वर्षे जागच्या जागी बसून राहत नाहीत, यात आहे.

वयाचे पाहा. ऐंशी वर्षांच्या माणसावर चाळीस वर्षांच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक खर्च होतो, हे खरे. पण पुढील संशोधनात असे दिसून आले की मोठा खर्च आयुष्याच्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षात होतो, मग ते वर्ष साठावे असो की नव्वदावे. आयुष्य वाढले म्हणजे तो खर्च पुढे सरकतो. मधली सगळी वर्षे आजारपणातच जातात असे नाही. म्हणून आजच्या ऐंशीच्या माणसाचा खर्च घेऊन त्याला उद्याच्या ऐंशीच्या माणसांच्या संख्येने गुणले, तर आकडा विनाकारण फुगतो. उलट, मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी अशी दुखणी घेऊन जर माणसे दीर्घायुषी होऊ लागली, तर तो कमीही पडेल. वाढलेली वर्षे धडधाकट आहेत की दुखणाईत, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जनगणनेत सापडत नाही.

सेवेच्या किमतीचे त्याहून निराळे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० नंतरच्या दशकात एक गोष्ट स्पष्ट करून दाखविली. ती आपल्या परिचयाच्या उदाहरणाने सांगावयाची तर अशी: हातमागावर एक विणकर दिवसाकाठी जितके कापड काढी, त्याच्या कितीतरी पट कापड आज यंत्रमागावर एकटा कामगार काढतो. म्हणून त्याला अधिक मजुरी देऊनही कापड महाग होत नाही. परंतु जखम धुऊन मलमपट्टी करावयास परिचारिकेला शंभर वर्षांपूर्वी पाव तास लागे, तो आजही लागतो. पाच मिनिटांत उरकली तर ती सुधारणा नव्हे, हयगय होय. आता गिरणीतली मजुरी वाढत गेली आणि परिचारिकेची वाढली नाही, तर परिचारिका मिळणार नाहीत. वाढविली, तर मलमपट्टी कापडाच्या मानाने दरवर्षी महाग होत जाणार. यात कोणी पैसा खाल्ला असे नाही आणि कोणी आळस केला असेही नाही. शाळा, न्यायालये, संगीत यांचे असेच होते. ही वाढ देशाला परवडते, कारण कापड स्वस्त झाल्यामुळेच तो पैसा मोकळा झालेला असतो. पण ज्याच्या हाती फक्त आरोग्यखात्याची वही आहे, त्याला एवढेच दिसते की खर्च चढतो आहे.

तिसरी गोष्ट नव्या उपचारांची. लँकेशायरमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६० नंतर खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया भरवशाची करून दाखविली. बेव्हरिज यांनी १९६५ सालचा आकडा लिहिला तेव्हा काठी टेकीत फिरणे किंवा अंथरुणाला खिळणे हाच म्हाताऱ्या खुब्यावरचा उपचार होता, आणि तो स्वस्त होता. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याचेही तसेच. पूर्वी तो थोड्या दिवसांत जात असे. यंत्रावर रक्त शुद्ध करण्याची सोय झाल्यापासून तो वर्षानुवर्षे जगतो, पण त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला जोडून घ्यावे लागते. हा खर्च वाढला याचे दुःख करणे म्हणजे तो माणूस जगला याचे दुःख करणे होय.

या तिन्हींचा मिळून परिणाम वर्षाकाठी थोडा दिसतो आणि वीस वर्षांत फार होतो. आज १०० रुपये लागत असतील आणि महागाई सोडून खर्च दरवर्षी अडीच टक्क्यांनी वाढला, तर वीस वर्षांनी १६४ रुपये लागतील. साडेतीन टक्क्यांनी वाढला तर १९९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. साडेचार टक्क्यांनी वाढला तर २४१. वाढीचा दर धरताना केवळ एका टक्क्याची चूक झाली, तर वीस वर्षांनी इतक्या रुपयांचा फरक पडतो. म्हणून दूरच्या वर्षासाठी जो एकच नेमका आकडा सांगतो, त्याने आपले गृहीत एक तर तपासलेले नसते किंवा लपविलेले असते.

माणसांचा अंदाज चुकला तेव्हा

पैशाचा अंदाज चुकला तर पुरवणी मागणी आणता येते. माणसांचा अंदाज चुकला तर ती सोय नाही. ब्रिटनमध्ये १९५५ साली माजी आरोग्यमंत्री सर हेन्री विलिंक यांची समिती पुढे किती डॉक्टर लागतील हे ठरविण्यासाठी नेमली गेली. डॉक्टर जास्त होऊन बेकार पडतील, ही त्या वेळची धास्ती. समितीने १९५७ साली सल्ला दिला की वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेश सुमारे एक-दशांशाने कमी करावेत. पण पुढे लोकसंख्या समितीने धरली होती त्याहून अधिक वाढली. तयार झालेले ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे जाऊ लागले. नवनव्या उपचारांना अधिक हात लागू लागले. थोड्याच वर्षांत डॉक्टरांचा तुटवडा पडला; आणि आज प्रवेश वाढविले तरी डॉक्टर हाती येण्यास सहा-सात वर्षे लागणार होती.

ही उणीव भरून काढली ती मुख्यतः हिंदुस्थान-पाकिस्तानातून गेलेल्या तरुण डॉक्टरांनी. त्यांत मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले मराठी डॉक्टरही होते. पुष्कळांना शहरातल्या नामांकित रुग्णालयांऐवजी खाणकामगारांच्या वस्त्यांत, वृद्धांच्या आणि मनोरुग्णांच्या इस्पितळांत, जेथे तेथील डॉक्टर जावयास नाखूश असत अशा ठिकाणी, कामे मिळाली. या डॉक्टरांच्या शिक्षणाचा खर्च ब्रिटनच्या वहीत कोठेच मांडलेला नव्हता. तो आपल्या वहीत मांडलेला होता. आपल्या करदात्यांनी दिला होता. एका देशाच्या अंदाजातील चूक दुसऱ्या, गरीब देशाने आपल्या पदरचे घालून भरून काढली, याचे इतके उघड उदाहरण विरळा.

वॉनलेस यांच्या तीन वाटा

यानंतर आम्ही एकदम २००२ सालाकडे येतो, कारण त्या वर्षी अंदाज करण्याची रीतच बदलली. डेरेक वॉनलेस हे एका मोठ्या बँकेचे माजी मुख्याधिकारी. २० वर्षांनी, म्हणजे २०२२-२३ साली, आरोग्यसेवेला किती पैसा लागेल हे काढण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपविले होते. त्यांनी आधी मागचा हिशोब पाहिला. युरोपातील शेजारी देशांच्या सरासरीइतका खर्च ब्रिटनने केला असता तर १९७२ ते १९९८ या काळात किमान २२,००० कोटी पौंड अधिक खर्च झाले असते, असे त्यांनी दाखविले. जुनाट इमारती, अपुरे डॉक्टर आणि लांबलचक प्रतीक्षायाद्या हा त्या बचतीचा हिशोब होता.

पुढच्या वीस वर्षांसाठी वॉनलेस यांनी एक आकडा दिला नाही, तीन दिले. पहिल्या चित्रात लोक आपल्या प्रकृतीविषयी बेफिकीर राहतात आणि सेवाही संथपणे सुधारते. दुसऱ्यात दोन्हींची बऱ्यापैकी प्रगती होते. तिसऱ्यात लोक धूम्रपान सोडतात, वजन आटोक्यात ठेवतात, लवकर तपासून घेतात, आणि सेवा नवी साधने नीट वापरते. देशाचा आरोग्यावरील एकूण खर्च २००२ च्या सुमारास राष्ट्रीय उत्पादनाच्या पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास होता. तो पहिल्या चित्रात २०२२-२३ साली १२.५ टक्के होईल, दुसऱ्यात ११.१, आणि तिसऱ्यात १०.६. खास आरोग्य सेवेचा खर्च, किमती स्थिर धरून, ६,८०० कोटी पौंडांवरून पहिल्या वाटेने १८,४०० कोटींवर आणि तिसऱ्या वाटेने १५,४०० कोटींवर जाईल. म्हणजे एकाच वर्षात ३,००० कोटींचा फरक. आणि नवल असे की ज्या वाटेवर लोक सर्वांत अधिक जगतात तीच वाट सर्वांत स्वस्त.

या अहवालाचा तात्काळ उपयोग झाला. सरकारने राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीत एका टक्क्याची वाढ जाहीर केली आणि काही वर्षे पैसा भरपूर दिला. पण २००७ साली वॉनलेस यांनीच पुन्हा तपासणी केली तेव्हा पैसा आला आहे, लोकांचे वजन मात्र वाढतच आहे, असे आढळले. तिसरी वाट केव्हाच सुटली होती. पुढे १९४८ पासून सरासरीने वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेली खर्चाची वाढ २०१० नंतरच्या दशकात दीड टक्क्याच्या आसपास आली. मग २०२० साली कोरोनाची साथ आली आणि सर्वच हिशोब कोसळला.

आता २०२२ साल उलटून गेले आहे, तेव्हा कागद उघडून पाहता येतो. त्या वर्षी ब्रिटनचा आरोग्यावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे ११ टक्के होता. वॉनलेस यांच्या मधल्या आकड्याच्या अगदी जवळ! पण यावरून भाकीत खरे ठरले असे मानणे भोळेपणाचे होईल. त्यांच्या ११ टक्क्यांत लोक निरोगी व्हावयाचे होते आणि कोणाला थांबावे लागावयाचे नव्हते. प्रत्यक्षातील ११ टक्क्यांत साथीचा खर्च होता, आणि २०२३ साली एकट्या इंग्लंडात रुग्णालयातील उपचारांच्या प्रतीक्षायादीवर ७० लाखांहून अधिक नोंदी होत्या. आकडा जुळला, आशय जुळला नाही. अंदाज तपासताना केवळ शेवटची ओळ पाहणे किती फसवे असते, हे याहून स्पष्ट दुसरे काय सांगेल?

आपल्या घरची वही

बेव्हरिज यांचा अहवाल निघाल्यानंतर वर्षभरात, १९४३ साली, आपल्याकडे सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली. भोर नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ साली समितीने अहवाल दिला, त्यातले चित्र भयंकर होते. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, आणि हजार माणसांमागे रुग्णालयात पाव खाट. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व समितीने पुढे ठेविले. बेव्हरिज यांच्या हिशोबात आरोग्याचा आकडा एका ओळीचा होता. भोर समितीने उलट बाजूने सुरुवात केली: इतक्या वस्तीला इतक्या खाटा, इतके डॉक्टर, इतक्या परिचारिका, इतक्या दाया, आणि मग त्यांचा खर्च. गरजेपासून आकड्याकडे जाणारी ही पद्धत अधिक प्रामाणिक होती. पण गरजेचा आकडा काढणे एक आणि त्यासाठी पैसा ठेवणे दुसरे. अहवालातील प्राथमिक केंद्राची कल्पना पुढे देशभर रुजली. खाटांची आणि माणसांची संख्या मात्र अहवालापासून दूरच राहिली.

२०१७ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरविले की सरकारांचा आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पादनाच्या अडीच टक्के व्हावा. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. येथे एक भेद सांगितला पाहिजे. अडीच टक्के हे उद्दिष्ट आहे. तो अंदाज नव्हे. इतक्या माणसांना इतकी सेवा द्यावयाची तर इतके लागेल, हा झाला अंदाज. इतके देऊ, हा झाला संकल्प. संकल्पाला अंदाजाचा आधार नसला तर त्यातून किती परिचारिका आणि किती खाटा मिळणार हे कोणालाच सांगता येत नाही, आणि संकल्प पुरा झाला नाही तर काय बिघडले हेही दाखविता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वहीत आहे, ती ब्रिटनच्या वहीत फार लहान आहे. २०२१-२२ साली भारतात आरोग्यावर जो एकूण खर्च झाला, त्यातल्या दर शंभर रुपयांपैकी ३९ रुपये लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिले. याचा अर्थ असा की सरकारी अंदाजपत्रकात जो खर्च दिसत नाही तो नाहीसा होत नाही. तो घराघरांत जाऊन बसतो. तेथे तो पाटल्या गहाण टाकून, गावची जमीन विकून, मुलीचे शिक्षण थांबवून भागविला जातो. म्हणून आपल्याकडे आरोग्यसेवेचा आकडा कमी धरला गेला तर सरकारची बचत होते असे म्हणता येईल, देशाची बचत होते असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेच्या वेळी दर दहा माणसांमागे सुमारे एक साठीच्या पुढचा होता. आता ते प्रमाण वाढते आहे. या लोकांच्या खुब्यांचा, डोळ्यांचा आणि मूत्रपिंडांचा हिशोब कोणत्या वहीत मांडावयाचा, हे आज ठरवावयाचे आहे.

मग नागरिकांनी काय करावे? गुणाकार करीत बसावे असे आमचे म्हणणे नाही. पण महानगरपालिका, जिल्हा परिषद वा राज्य सरकार आरोग्याचा आकडा पुढे ठेवील तेव्हा तीन साधे प्रश्न विचारता येतात. महागाई वजा केल्यावर आणि दरडोई भागल्यावर हा आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा आहे की लहान? पाच वर्षांनी या पैशाचे काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका आज कोठे शिकत आहेत? आणि हा आकडा कमी पडला तर उरलेले पैसे कोण देणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गिलबो समितीने शिकविले, दुसऱ्याचे विलिंक समितीच्या चुकीने. तिसऱ्याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला रुग्णालयातील पैसे भरण्याच्या खिडकीपाशी कधी ना कधी मिळालेलेच आहे.

अंदाज चुकणारच. शहाण्या माणसांचे चुकले आहेत, आणि त्यांनी ते लिहून ठेविले म्हणूनच आपल्याला त्यांची चूक कळली. न लिहिलेला अंदाज कधी चुकत नाही. पण खाटेच्या शोधात रात्री तीन रुग्णालये हिंडणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो.